विद्यार्थी उद्योगाकडे का वळतो?

पदवी हाती आली की घरातून पहिला प्रश्न येतो तो नोकरीचा. आपल्या समाजात तो रास्तच आहे. राखीव जागेवरील नोकरीनेच कित्येक घरांत पहिला नियमित पगार आला. मग एखादा विद्यार्थी उद्योगाचे धाडस का करतो? पैशासाठी, हे उत्तर अपुरे आहे.

आइसेक आजेन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार माणसाचा निश्चय तीन गोष्टींवर ठरतो: त्या कामाविषयी त्याचे स्वतःचे मत, जवळच्या माणसांची संमती आणि ‘हे मला जमेल’ हा विश्वास. विद्यार्थ्यांच्या उद्योजकतेच्या अभ्यासात ही मांडणी पुष्कळदा वापरली जाते.

हा विश्वास भाषणांनी येत नाही. बाबासाहेबांनी १९१८ साली सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होण्यापूर्वी गुंतवणूक सल्ल्याचा व्यवसाय काढला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरले. ज्ञानात का उणीव होती? बाजारात ज्ञानाबरोबर आपले म्हणणारे कुणी लागते. मिलिंद कांबळे यांनी २००५ साली स्थापन केलेल्या ‘डिक्की’चे, म्हणजे दलित उद्योजकांच्या चेंबरचे, महत्त्व येथे आहे. २०१६ च्या स्टँड-अप इंडिया योजनेने अनुसूचित जाती-जमाती व महिलांसाठी १० लाख ते १ कोटी रुपयांच्या कर्जाची सोय केली.

पण कर्ज नंतरचे. आधी मुलामुलींना सुटीचे दोन महिने एखाद्या चालत्या कारखान्यात काढू द्यावेत, आणि तेवढ्या काळात तरी घरच्यांनी नोकरीच्या जाहिरातींची कात्रणे पुढे करू नयेत.