शिवनेरीच्या कड्यावरचे फूल

मंडळी, जुन्नरजवळचा शिवनेरी किल्ला तुम्ही पाहिला नसला, तरी ऐकून माहीत असेल. १६३० साली शिवाजी महाराज तेथे जन्मले. त्याच किल्ल्याच्या कड्यावर एक दुर्मिळ वनस्पती उगवते. तिचे नाव शिंदळ माकुडी. हल्ली काही लोक तिला शिवसुमन असेही म्हणतात. साऱ्या जगात ही वनस्पती रानात आपोआप उगवते ती फक्त आपल्या महाराष्ट्रात.

ती कशी दिसते? खडकाच्या कपारीतून तिच्या जाड, रसाळ फांद्या खाली लोंबतात. या फांद्यांत पाणी साठलेले असते. पावसाळ्यात पाने येतात. उन्हाळ्यात ती गळून जातात. नुसत्या फांद्या साठलेल्या पाण्यावर तग धरतात. पावसाळा सरत आला की फुले येतात. फूल रुपयाच्या नाण्याएवढे, चांदणीसारखे पाच टोकांचे. रंग गडद तांबडा आणि वर पिवळे ठिपके. ही रुईच्या कुळातली. म्हणून रुईसारखीच हिच्या शेंगेतून मऊ केसांच्या बिया उडतात, आणि वारा नेईल तिकडे जातात.

डाल्झेल नावाचे एक स्कॉटिश वनाधिकारी होते. त्यांनी १८६४ च्या सुमारास या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन छापले. तेव्हा मुंबईचे गव्हर्नर फ्रियर होते. त्यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले. पुढे पुरंदरशेजारचा वज्रगड, साताऱ्याजवळचा सज्जनगड, महाबळेश्वर अशा मोजक्याच ठिकाणी ती सापडली.

ती कड्यावरच का उरली? गुरे-शेळ्या तिचा पाला खातात. कड्यावर त्यांचे तोंड पोचत नाही. म्हणजे अवघड जागा हेच तिचे कुंपण. पण माणूस तेथेही पोचतो. कोणी हौसेने उपटून नेतो. कोणी गवताला काडी लावतो, आणि वणवा कड्यापर्यंत चढतो. कोठे दरड कोसळते, कोठे रस्त्यासाठी खडक फोडतात. मुळात झाडे थोडी. त्यांतली दहा गेली, तरी मोठे नुकसान होते.

कोणी म्हणेल, “गुरुजी, हिची फांदी कुंडीत लावली तर सहज जगते. मग काळजी कशाची?”

खरं आहे, फांदी जगते. बागांतून अशी रोपे वाढवलीही आहेत, आणि ते काम चांगलेच आहे. पण उसाचे पाहा. एकाच उसाच्या टिपऱ्या लावल्या, तर सारा फड एकाच गुणाचा होतो. एकाला जो रोग लागेल तो साऱ्यांना लागतो. बियांचे तसे नाही. एका आईची लेकरे जशी वेगवेगळी, तशी बियांची रोपे वेगवेगळी. एक रोगाने गेले तरी दुसरे टिकते. असे बी धरायला फुलावर माशी यावी लागते. वारा लागतो, कपार लागते. हे सारे कड्यावर आहे. म्हणून कुंडीतले रोप हा आधार झाला. खरे घर कडाच.

मग आपण काय करावे? गडावर गेलो तर फूल डोळ्यांनी पाहावे, हात लावू नये. फांदी मोडून आणू नये. हौस असेल तर रोपवाटिकेत वाढवलेलेच रोप घ्यावे. डोंगराला वणवा लावू नये, लागलेला दिसला तर लगेच गावात व वनरक्षकाला कळवावे. आणि झाड नेमके कोठे आहे ते चारचौघांत सांगत सुटू नये. न्यायला टपलेले लोक असतात, बरं का!

प्रश्न
१. शिंदळ माकुडी उन्हाळ्यात कशावर जगते?
२. ती कड्यावरच का टिकून राहिली?
३. फांदीपासून केलेले रोप आणि बियांपासून झालेले रोप यांत फरक काय?
४. तुमच्या गावच्या डोंगरावर पूर्वी दिसणारे आणि आता न दिसणारे झाड कोणते? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून चार ओळी लिहा.