नाडीच्या वळावरील न भरणारा व्रण

परकराच्या नाडीखालील त्वचा काळवंडलेली, जाड व खवले सुटणारी झालेल्या स्त्रिया सातपूर परिसरात आम्ही नेहमी पाहतो. प्रत्येक वेळी तो दद्रू नसतो; घट्ट नाडीचे वर्षानुवर्षांचे घर्षणही कारण असते. नाडीऐवजी रुंद पट्टा घेणे, बांधण्याची जागा बदलणे व तैलाभ्यंग यांनी पुष्कळदा उपशय मिळतो.

मात्र याच वळात त्वचेचा कर्करोग उद्भवू शकतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर व डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ साली धोतर नेसणाऱ्यांतील अशा कर्करोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही तो आढळला. हा स्क्वॅमस पेशींचा कर्करोग होय.

येथील व्रण महिनाभरात भरत नसेल, कडा उंच व कठीण असतील, स्पर्शाने रक्त येत असेल, तर दुष्टव्रण म्हणून जात्यादि तैल चालू ठेवणे आम्हांस मान्य नाही. रुग्णास शल्यचिकित्सकाकडे पाठवून व्रणाच्या कडेची बायोप्सी करवावी. जांघेतील व काखेतीलही ग्रंथी चाचपाव्यात, कारण कमरेची लसीका दोन्हीकडे वाहते. निदानापूर्वी क्षारकर्म वा अग्निकर्म करू नये. वरून व्रण रुजल्यासारखा दिसतो, खाली अर्बुद वाढत राहते. वेळीच पूर्ण छेदन झाल्यास रोग बहुधा साध्य असतो.

औषधविक्रेत्यांनीही तेच मलम तिसऱ्यांदा मागणाऱ्यास व्रण कोठे आहे व किती दिवसांचा आहे, एवढे अवश्य विचारावे.