जृंभा : शब्दार्थ आणि चिकित्सोपयोग

‘सारख्या जांभया येतात’ ही तक्रार बहुधा आळसाच्या खाती जमा होते. वस्तुतः संहितांत जृंभा हा शब्द तीन निरनिराळ्या संदर्भांत येतो व प्रत्येक ठिकाणी उपाययोजना बदलते. म्हणून येथे त्याचा संक्षेपाने विचार करीत आहोत.

शब्दार्थ : ‘जृम्भ्’ धातूचा अर्थ गात्रविनाम, म्हणजे अंग ताणणे, वाकविणे. उमलणे, विस्तारणे हे अर्थही त्यातूनच आले. मराठीतील ‘जांभई’ याच कुळातील. एक दीर्घ श्वास आत घेऊन तो विवृत मुखाने, डोळ्यांत पाणी येत सोडणे, अशी व्याख्या सुश्रुतांनी शारीरस्थानात केली आहे. योगग्रंथांनी ही क्रिया देवदत्त वायूकडे सोपविली आहे.

१. वेग : चरकोक्त १३ अधारणीय वेगांत जृंभा आहे. तिच्या अवरोधाने विनाम, आक्षेप, संकोच, सुप्ती, कंप होतात. सुश्रुतमते मन्यास्तंभ, गलस्तंभ व शिरोविकार. चिकित्सा वातघ्न, स्नेहन-स्वेदन प्रधान. मुख झाकून जांभई द्यावी हा सद्वृत्तातील नियम आहे, ते वेगधारण नव्हे.

२. लक्षण : चरकांच्या ८० वातविकारांत जृंभा गणली आहे. वातज्वराच्या पूर्वरूपात ती अधिक असते, असे सुश्रुत सांगतात. जांभयांबरोबर कसकस, अरुची असल्यास अभ्यंगाची घाई करू नये. ज्वरपूर्वरूपात चरकांनी लघु अशन वा अपतर्पण सांगितले आहे.

३. निद्रावेगधारणाचे फल : येथे जृंभेसोबत अंगमर्द, तंद्रा, शिरोरोग, अक्षिगौरव असतात. उपाय निद्रा व संवाहन.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात तिसरा प्रकार विशेष लक्षात ठेवावा. गाळप हंगामातील रात्रपाळीचे कामगार, ऊस वाहणारे ट्रॅक्टरचालक, नवरात्रात तुळजापूरला पायी जाणारे भाविक यांना प्रथम झोपेविषयीच विचारावे. पेंगणाऱ्या चालकाला औषधाची पुडी देऊन पुन्हा रस्त्यावर धाडणे म्हणजे त्याच्यासह इतरांचाही जीव धोक्यात घालणे होय.

औषधालयचालक बंधूंनीही एवढे पाहावे : नैराश्यावरील काही आधुनिक औषधांनीही जांभया वाढतात, तेव्हा चालू औषधे विचारावीत, परंतु ती परस्पर बंद करू नयेत. जांभयांसोबत घाम व डोळ्यांपुढे अंधारी आल्यास रुग्णास त्वरित आडवे निजवावे. मुखवक्रता, वाणीत अडखळणे वा एका अंगाची दुर्बलता दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात पाठवावे.

सारांश, झोप किती, ज्वराची चिन्हे आहेत काय व कोणती औषधे चालू आहेत, हे तीन प्रश्न आधी. योगाची निवड नंतर.