टाळावर स्प्रिंग नको

प्रश्न : घरीच अभंग रेकॉर्ड करतो. औंढ्याच्या देवळासारखा घुमारा हवा. कोणतं स्प्रिंग रिव्हर्ब प्लगिन घ्यावं?
– एक वाचक, नर्सी नामदेव (जि. हिंगोली)

उत्तर : देवळाचा घुमारा हवा असेल, तर स्प्रिंगच्या वाटेला जाऊ नका. दगडी गाभाऱ्यात भिंतींवरून परतणारे असंख्य प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. स्प्रिंगमध्ये ध्वनी वेटोळ्यांतून जाऊन परततो, आणि उंच-खालचे सूर मागेपुढे पोहोचतात. म्हणून टाळ वाजला की ‘च्युंव’ असा शिंतोडा उडतो. फेंडर कंपनीने १९६१ मध्ये रिव्हर्बची स्वतंत्र पेटी काढली ती गिटारसाठी. तिथे हाच दोष शोभला. कुणी म्हणेल, खऱ्या स्प्रिंगचा नमुना वापरणारं कन्व्होल्यूशन प्लगिन घेतलं तर? शिंतोडा त्यातही येतोच, शिवाय जोरात वाजवल्यावर स्प्रिंगचा बदलणारा स्वभाव नमुन्यात उतरत नाही. मात्र हेच तंत्र देवळासाठी कामाचं आहे : रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या ‘रियाव्हर्ब’मध्ये दगडी वास्तूची नमुना-फाइल टाका, वेगळ्या प्लगिनचा खर्च वाचेल. स्प्रिंगची हौस असेलच तर ती हार्मोनियमवर भागवा, तीही वेगळ्या सेंडवर, खर्ज कापून आणि अगदी हलकी. विकत घेण्याआधी डेमोत नुसता टाळ वाजवून बघा; गाण्याच्या गर्दीत सगळीच प्लगिन गोड लागतात.