मज्जासंस्थेचा पाठ आणि बधिर चट्टा

वरच्या वर्गांत शरीरशास्त्राचा पाठ घेताना मज्जासंस्थेपाशी पुष्कळ शिक्षक अडखळतात. हृदयाचे ठोके ऐकविता येतात, श्वास मोजविता येतो; मज्जातंतू दाखवावयाचा कसा? तो दाखविता आला नाही तरी बोटास लागतो. कोपर किंचित वाकवून त्याच्या आतील बाजूच्या हाडामागील खोबणीत हलकेच बोट फिरवावे. दोरीसारखे काही सरकते. कोपर आपटताच करंगळीत झिणझिण्या येतात त्या याच्याचमुळे. खेड्यांत यालाही शीर म्हणतात. शिरेतून रक्त वाहते, मज्जातंतूतून निरोप जातो, हा भेद आरंभीच स्पष्ट करावा.

रचना थोडक्यात सांगावी. कवटीत मेंदू, कण्यात मज्जारज्जू. मेंदूपासून मज्जातंतूंच्या १२ व मज्जारज्जूपासून ३१ जोड्या निघतात. काही तंतू वार्ता आणतात, काही स्नायूंकडे आज्ञा नेतात. नावांची घोकंपट्टी करून घेऊ नये. तव्याला बोट लागले की वार्ता मज्जारज्जूपर्यंत जाते, तेथूनच स्नायूंना आज्ञा सुटते, आणि 'भाजले' हे मेंदूस कळण्यापूर्वीच हात मागे आलेला असतो. हीच प्रतिक्षिप्त क्रिया.

परंतु वार्ता मुळी निघालीच नाही तर? कुष्ठरोगात हेच घडते. मेंदू व मज्जारज्जू शाबूत असतात. हॅन्सेन यांनी १८७३ साली नॉर्वेत शोधलेला जंतू कातडीत व मज्जातंतूंत ठाण मांडतो. शरीराचे थंड भाग त्यास मानवतात. म्हणून कोपर, गुडघ्याची बाहेरील बाजू, घोटा, चेहरा येथील तंतू विशेषेकरून सापडतात. कोपराचा तोच तंतू जाड होतो, पुढे करंगळी व अनामिका वाकू लागतात. रोगाने बोटे झडतात ही समजूत खोटी आहे. न जाणवलेला चटका, न जाणवलेला काटा व त्यामुळे चिघळलेली जखम बोटांचा नाश करते.

हा विषय आपल्या विदर्भास परका नाही. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठसेवा आरंभिली. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापून वरोड्यास आनंदवन उभारले. (आमच्या नागपुरातील नंदनवन वस्तीशी नावापुरतेच साम्य!) २००५ अखेर देशातील प्रमाण दर दहा हजारी एकाहून खाली आले, तरी चंद्रपूर-गडचिरोलीकडे रुग्ण अद्याप आढळतात, व त्यांत मुलेही असतात.

म्हणून शिक्षकांनी डोळस असावे. मुलाच्या अंगावर फिकट वा लालसर, न खाजणारा चट्टा दिसल्यास त्यास एकांतात बोलवावे. डोळे मिटवून कापसाच्या टोकाने चट्ट्यास व शेजारच्या कातडीस आळीपाळीने स्पर्श करावा आणि कोठे लागले ते बोटाने दाखविण्यास सांगावे. टाचणी वापरू नये. वर्गासमोर तर ही परीक्षा कदापि करू नये. एकदा चिकटलेले नाव गावात पुसले जात नाही. निदान हे आपले काम नव्हे. शंका येताच पालकांस विश्वासात घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावे. तेथे सहा किंवा बारा महिन्यांचा बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळतो. औषध सुरू होताच संसर्गाची भीती झपाट्याने ओसरते. सबब अशा मुलास शाळेतून काढणे अथवा निराळे बसविणे यास कोणताही आधार नाही. मात्र गेलेली संवेदना परत येईलच असे नाही, म्हणून चट्टा दिसल्यावर दिवाळीच्या सुटीची वाट पाहू नये.