मटकी भिजवावी, बुडवू नये

लग्न होऊन कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या घरात आले, तेव्हा स्वयंपाकघरातल्या खुंटीला मटकीचं एक ओलं गाठोडं कायम टांगलेलं असायचं. शनिवारी टांगलं की रविवारी मिसळ ठरलेली. सासूबाईंना आम्ही सुना आत्या म्हणायचो. मोड काढायला मी त्यांच्याच हाताखाली शिकले. त्याला आता तीस वर्षं होत आली. या काळात जे हाताला कळलं, ते सांगते.

1. दाणा जिवंत असायला हवा.
लक्ष्मीपुरीच्या बाजारात धान्य घेताना मी तकाकीला भुलत नाही. फार जुना, किडका किंवा फुटका दाणा रुजत नाही. तो फडक्यात कुजतो आणि शेजारच्या चार दाण्यांना नासवतो. नव्या दुकानातून मटकी आणली, तर आधी मूठभरच भिजवून बघते. आणखी एक. शेतकऱ्याच्या घरात पेरणीसाठी आणलेलं बियाणं पडलेलं असतं. त्याला औषध चोळलेलं असतं, बहुधा रंगही दिलेला असतो. कितीही धुतलं तरी ते खायचं नाही.

2. भिजवावी, बुडवू नये.
पहिल्याच उन्हाळ्यात मी रात्री भिजत घातलेली मटकी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाण्यातच ठेवली. वर फेस आला, आंबूस वास सुटला, सगळी टाकून द्यावी लागली. आत्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘‘अगं, मटकी भिजवायची असती, बुडवायची न्हाई.’’ त्यामागचं कारण मला पुढे समजलं. पाणी प्यायलेला दाणा जागा होतो आणि श्वास घेऊ लागतो. पाण्याखाली त्याला हवा पुरत नाही. तो गुदमरतो आणि आंबायला लागतो. आपल्या देशातली बहुतांश मटकी राजस्थानच्या कोरड्या रानात पिकते. थोडक्या पाण्यावर जगणारं हे पीक आहे. दाण्याच्या तिप्पट पाणी आणि आठ ते दहा तास तिला पुरे होतात.

3. गणंग आधीच वेचावेत.
भिजल्यावर मटकी ताटात पसरावी. काही दाणे खड्यासारखे टणक राहिलेले दिसतात, ते गणंग. त्यांचं टरफल पाणी आत शिरू देत नाही. ते भिजत नाहीत, रुजत नाहीत, शिजतही नाहीत. असा दाणा दाताखाली आला तर दात दुखावतो. घरात म्हातारी माणसं असतील तर पाच मिनिटं द्यावीत आणि ते वेचून काढावेत.

4. पाणी देण्यापेक्षा ते काढणं महत्त्वाचं.
नासलेले मोड मी जितके पाहिले, त्यांतले बहुतेक पाणी जास्त राहिल्यामुळेच नासले होते. मटकी दोनदा धुऊन चाळणीत अर्धा तास निथळू द्यावी. मग जुन्या सुती साडीच्या धडप्यात बांधावी. गाठ पक्की असावी, पण आत दाण्याला फुगायला जागा हवी. एक वाटी मटकीचे अडीच-तीन वाट्या मोड होतात. घट्ट झाकणाचा डबा वापरू नये, त्यात वाफ कोंडते आणि मोड बुळबुळीत होतात. फडकं दर वेळी उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवावं.

5. घड्याळाआधी ऋतू बघावा.
मे महिन्यात संध्याकाळी बांधलेली मटकी सकाळी मोडावर असते. फडकं वाळलं, तर मधे एकदा पाण्याचा हबका मारावा. कोल्हापूरच्या आषाढात सगळं घर दमट आणि गार असतं. तेव्हा दीड-दोन दिवस लागतात, आणि रोज एकदा मोड धुऊन पुन्हा निथळावे लागतात. थंडीत मी गाठोडं पातेल्यात ठेवून त्यावर जुनी शाल टाकते. घाई करून गरम जागी ठेवलं की मोडाआधी वास येतो.

6. प्रत्येक कडधान्याची चाल वेगळी.
मूग सगळ्यांत सरळ. नवशिक्यानं तिथूनच सुरुवात करावी. हुलगा भिजायलाच बारा तास घेतो, पण त्याच्या मोडांच्या उसळीला तोड नाही. हरभऱ्याला मोड उशिरा आणि आखूड येतात. वालाला मोड आले की सालं काढायचा वेळ हाताशी ठेवावा. राजमा मात्र मोड आणूनही कच्चा खाऊ नये. त्यातला विषारी अंश चांगला उकळल्याशिवाय जात नाही.

7. मोड दाण्याएवढा झाला की थांबावं.
लांब मोड दिसायला छान असतात, पण उसळीत त्यांचा लगदा होतो. उजेडात ठेवले तर ते हिरवट होतात आणि चव बदलते. नवरात्रात देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यातला घट पिवळाधमक उगवतो, तो उजेड कमी मिळाल्यानंच. मोड हवे तेवढे आले की कोरडे करून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि दोन-तीन दिवसांत संपवावेत.

8. मोड शिजवूनच खावेत.
हे मी आग्रहानं सांगते. मोडांना जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही लागते. जंतू दाण्याच्या भेगेत असतील, तर धुऊन जात नाहीत. 2011 मध्ये जर्मनीत ई-कोलाय जंतूची मोठी साथ आली. जवळपास 4 हजार माणसं आजारी पडली, 50 हून अधिक दगावली. तपासाअंती बोट ठेवलं गेलं ते मेथीच्या मोडांवर. आपल्या मिसळीत मटकी हळद-मीठ घालून उकडतात आणि मग तिच्यावर उकळता कट येतो, ही रीत जपण्यासारखी आहे. गरोदर बाई, लहान मूल, आजारी माणूस यांना तर कच्चे मोड देऊच नयेत.

9. मोड म्हणजे अडचणीतली भाजी.
ऑगस्ट 2019 चा महापूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, मंडईत भाजी नाही, उपसा केंद्रं बुडाल्यामुळे नळही कोरडे. टँकरचं पाणी उकळून गार करायचं, त्यातच मटकी-मूग भिजवायचे, असं आम्ही आठवडा काढला. ताटात रोज ओली भाजी होती.

त्याच दिवसांत मला शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आठवत होती. पहिल्या महायुद्धात, 1915-16 मध्ये, इराकमधल्या कूतच्या वेढ्यात मराठा पलटणीही अडकल्या होत्या. ताजी भाजी न मिळाल्यानं हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाला, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. पुढे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक यांनी प्रयोगांतून दाखवलं, की कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही रोखणारा जो गुण नसतो, तो भिजवून मोड आणल्यावर तयार होतो. त्यालाच आज आपण क जीवनसत्त्व म्हणतो. शिजवताना ते काही प्रमाणात कमी होतं. म्हणून मोड फार वेळ शिजवू नयेत, आणि वाढताना वर लिंबू पिळावं.

आत्या आता नाहीत. खुंटी आहे, गाठोडंही आहे. माझी सून नोकरीवरून दमून येते, तरी तिला हे जमतं. कारण सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम आहे, बाकी वेळ दाणाच राबतो. तुम्हीही आज रात्री मूठभर मूग भिजत घाला. सकाळी पाणी मात्र न विसरता काढा.