लोह सापडलं की चमक विझते!

शिक्षक-पालक मित्रहो, गंज पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मग जीवाणूंना लोह मिळतं कसं? ते सिडेरोफोर, म्हणजे ग्रीक अर्थाने 'लोहवाहक' रेणू बाहेर सोडतात. हे रेणू फेरिक लोह घट्ट पकडून पेशीकडे आणतात.

स्युडोमोनास जीवाणूंचा पायोव्हर्डिन हा असाच एक सिडेरोफोर. अतिनील प्रकाशात तो हिरवट चमकतो, पण लोह पकडलं की चमक मंदावते. लोह जास्त, तितकी चमक कमी. यावरूनच पाण्यातलं लोह मोजणारा जैवसंवेदक बनवता येतो.

आता मुलांना विचारा, "चमक घटली म्हणजे लोहच असणार का?" नाही! तांब्यामुळेही ती घटू शकते. म्हणून इतर धातूंसोबतही चाचणी करून पाहावी लागते. एवढी शंका घ्यायला मूल शिकलं, की विज्ञान शिकलं.